आळ्यातलं पाणी

मामानं पहिल्या दिवशी माझ्या हातात फावडं दिलं नाही, चाळण दिली. "आठ दिवस वाळू चाळ. मालाचं नंतर बघू." मामा म्हणजे नात्यातला कुणी नव्हे. कलबुर्गीकडचा गवंडी, साइटवर लहानथोर सगळेच त्याला मामा म्हणायचे. मी बारावीची परीक्षा देऊन, निकालाची वाट न बघता, मे २०१६ मध्ये लातूरहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पुण्याला आलो होतो. गावच्या एका पोरानं वारज्याच्या मजूर अड्ड्यावर नेऊन उभं केलं. दोन दिवस कुणी विचारलं नाही, तिसऱ्या दिवशी मामानं नेलं. हजेरी, म्हणजे दिवसाची मजुरी, साडेतीनशे रुपये.

आता मी टाइल बसवतो. पण त्याआधीची सहा वर्षं मी हाताखालचा होतो. बिगारी म्हणा, हेल्पर म्हणा. मला त्या सहा वर्षांबद्दलच लिहायचंय. नवं घर दाखवताना लोक म्हणतात, मिस्त्री चांगला मिळाला. खरंच मिळालेला असतो. पण त्याच्या थापीवर आलेला माल कुणी कालवला, त्यात पाणी किती पडलं, हे मला आजवर एकाही घरमालकानं विचारलेलं नाही. मला ते सांगावंसं वाटतं.

माल कालवणं बघणाऱ्याला सोपं वाटतं. वाळू पसरायची, वर सिमेंट टाकायचं, कोरडंच दोन-तीनदा पलटी मारायची. रंग सगळीकडं सारखा झाला की मधोमध आळं करायचं, झाडाला करतो तसंच. आळ्यात पाणी सोडायचं आणि कडेचा माल थोडा थोडा आत ओढत न्यायचा. आळं फुटू द्यायचं नाही. फुटलं की पाण्याबरोबर सिमेंट निघून जातं आणि मागं वाळू राहते. विटांच्या बांधकामाला एकास सहा, बाहेरच्या गिलाव्याला एकास चार, असं प्रमाण ठेकेदार सांगून जातो. एक घमेलं सिमेंटला सहा घमेली वाळू. पण पाणी किती, हे कुणी सांगत नाही. ते फावड्याला कळलं पाहिजे. मामा थापीवर माल उचलून थापी तिरपी करायचा. माल थापीला चिकटून राहिला तर पाणी कमी, एकदम घसरला तर जास्त. हळूहळू सुटला तर काही न बोलता वीट उचलायचा. तो काही बोलला नाही की मला शाबासकी मिळाल्यासारखं वाटायचं.

कालवलेला माल तासाभरात संपवायचा. जेवायच्या सुट्टीच्या तोंडावर मोठं आळं करणारा बिगारी मामाला चालायचा नाही. तासाभरानं माल बसायला लागतो. त्यावर पाणी मारून पुन्हा फिरवला तर मऊ होतो, हाताला नव्यासारखाच लागतो, पण त्याची धरायची ताकद गेलेली असते. मामा त्याला मेलेला माल म्हणायचा आणि टाकून द्यायला लावायचा, ठेकेदार समोर उभा असला तरी. त्यामुळं किती माल लागेल याचा अंदाज बिगाऱ्याला हवा. मिस्त्री आता सरळ भिंतीत आहे की कोपऱ्यात अडकणार आहे, हे बघून आळं लहान-मोठं करायचं. म्हणजे मिस्त्रीचं अर्धं काम आधी डोक्यात करून बघायचं. मला गवंडीकाम जे आलं ते असंच आलं, शिकवायला कुणी बसलं नव्हतं.

जुलैत पाऊस लागला तेव्हाची गोष्ट. वाळूचा ढीग उघड्यावर होता. मी रोजच्यासारखी सहा घमेली मोजली. मामा म्हणाला, "अजून एक टाक." मला वाटलं, हा मालकाला फसवतोय. माझ्या चेहऱ्यावर ते दिसलं असावं. संध्याकाळी त्यानं रंगाचा एक रिकामा डबा घेतला, दमट वाळूनं काठोकाठ भरला आणि त्यात पाणी ओतलं. वाळू खाली बसत गेली. चांगली चार बोटं डबा रिकामा दिसायला लागला. "दमट वाळू फुगते," मामा म्हणाला. "सहा घमेल्यात पाचचीच असते." दमट कणांभोवती पाण्याचा पातळ थर बसतो, तो कणांना एकमेकांपासून दूर ठेवतो. पूर्ण बुडवली की तो थर मोडतो आणि वाळू पुन्हा कोरडीइतकी होते, हे मी पुढं वाचलं. मामाला लिहिता-वाचता येत नव्हतं. आपण मनात त्याच्यावर आळ घेतला याची लाज मला बरेच दिवस पुरली.

लेव्हलच्या नळीबद्दलही सांगायला पाहिजे, कारण आता लेसर आलेत आणि नवी पोरं नळी धरतच नाहीत. दोन जागी एकच उंची धरायला पारदर्शक लांब नळी, आत पाणी. एक टोक मिस्त्रीकडं, दुसरं हाताखालच्याकडं. मी टोक भिंतीला टेकवून धरायचो आणि मामा पलीकडच्या खोलीत, दिसायचाही नाही. "थांबलं का?" "अजून हलतंय." "आता?" "थांबलं." तोपर्यंत बोट नळीच्या तोंडावरून बाजूला पाहिजे, नाहीतर पाणी खरं बोलत नाही. आत हवेचा बुडबुडा राहिला तर दोन्ही टोकांची पातळी वेगळी दिसते, म्हणून नळी भरली की आधी डोळ्यांसमोर धरून हातभर-हातभर सरकवत बघायची. मग पेन्सिलीनं खूण. माझी खूण आणि मामाची खूण यांच्यात भिंत असायची, पण त्या खुणांवर बांधलेली दोरी सरळ यायची. नळी हातात आली की आपण दोघं मिळून हे घर बांधतोय असं वाटायचं. तसं एरवी फार कमी वेळा वाटायचं.

आता माझ्या हातून झालेलं सांगतो.

मी पुण्यात आलो त्याच्या महिनाभर आधी, एप्रिल २०१६ मध्ये, मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं होतं. आमचं गाव औसा तालुक्यात. तिथं टँकर. आम्ही घंगाळात बसून आंघोळ करायचो आणि तेच पाणी परसातल्या लिंबाला जायचं. अशा घरातून आलेल्या पोराला साइटवर पाणी मारायच्या कामाला लावलं. गिलावा झाला की किमान सात दिवस भिंत ओली ठेवायची, सकाळ-दुपार-संध्याकाळ. मी साइटवरच राहायचो म्हणून ते काम माझ्याकडं आलं. तिसऱ्या मजल्यावरून पाइप सोडला की पाणी भिंतीवरून ओघळत जिन्यातून खाली जायचं, रस्त्यावर जायचं. मला बघवायचं नाही. गळ्यात आवंढा यायचा. मी तोटी अर्धी केली. मग दुपारचं पाणी मारणं बंदच केलं. कुणाला सांगितलं नाही. मला वाटत होतं मी काहीतरी चांगलं करतोय.

पंधरा दिवसांत पश्चिमेच्या भिंतीवर केसासारख्या भेगा दिसायला लागल्या, कोळ्याच्या जाळ्यासारख्या. मामानं थापीची मूठ भिंतीवर ठोकत नेली. टक, टक, टक, आणि मग डब, डब. गिलाव्यानं भिंत सोडली होती. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि शांतपणे विचारलं, "पाणी किती वेळा मारलं?" मी खरं सांगितलं. कारणही सांगितलं. तो ओरडला नाही. ठेकेदारानं माझ्या चार हजेऱ्या कापल्या. ती भिंत मी आणि मामानं छिन्नी-हातोड्यानं खरवडून काढली. दीड दिवस लागला. मामाच्या त्या दीड दिवसाचे पैसे त्याला कुणी दिले नाहीत. दहा वर्षं होत आली, ते अजून माझ्या मनावर आहे.

त्या रात्री अण्णांना फोन केला. अण्णा म्हणजे माझे वडील. ते म्हणाले, "भिंतीवर मारलेलं पाणी वाया गेलं असं का धरलास? भिंतीनं पेलं ते." सिमेंट वाळून घट्ट होत नाही, ते पाण्याशी धरून दगड होतं, आणि पाणी आधीच उडून गेलं तर ते अर्धवट राहतं. हे मला इंजिनिअरनं नव्हे, अण्णांनी सांगितलं.

अण्णांना हे माहीत असायला कारण आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून लोक उशिरा झोपलेले. आमचं गाव किल्लारीपासून बारा-तेरा किलोमीटरवर. आमच्याकडं घरं माळवदाची. अडीच-अडीच फूट जाडीच्या भिंती, लाकडी तुळयांवर मातीचं धाबं, आणि गळू नये म्हणून त्या धाब्यावर दरवर्षी नवी माती. भिंत बाहेरून बघावी तर किल्ल्यासारखी. पण आतून ती एक भिंत नव्हती. बाहेरचा दगडाचा एक थर, आतल्या बाजूला दुसरा थर, मधे माती आणि बारीक धोंडे. दोन्ही थरांना बांधणारा आरपार दगड नाही. हादरा बसला तसे थर दोन बाजूंना सुटले आणि माळवद खाली आलं. नंतर पुनर्वसनात ५२ गावं नव्या जागी वसवली. जागतिक बँकेच्या मदतीनं ते काम काही वर्षं चाललं आणि अण्णा त्यात बिगारी होते. उभ्या राहिलेल्या जुन्या भिंतींमध्ये भोक पाडून आरपार दगड कसा बसवायचा, दाराच्या वर काँक्रीटची पट्टी सगळ्या घराला का फिरवायची, हे तिथं त्यांनी बघितलं. अण्णा गवंडी झाले नाहीत, शेतीकडं परतले. पण कुठल्याही भिंतीला हात लावून "आत काय हाय?" असं विचारायची सवय त्यांना तेव्हापासून लागली.

२०१८ च्या सुमाराला मी टाइलच्या कामाला गेलो. मिस्त्री राजस्थानचे, आम्ही त्यांना भाईजी म्हणायचो. इथं हाताखालच्याचं काम वेगळं. पहिलं म्हणजे ओझं. दोन बाय दोन फुटांच्या व्हिट्रिफाइड, म्हणजे भाजून काचेसारख्या घट्ट केलेल्या, टाइलच्या एका बॉक्समध्ये चार नग, वजन अठ्ठावीस-तीस किलो. बहुतेक टाइल गुजरातेतल्या मोरबीहून येतात, तिथून ट्रकनं गेटपर्यंत. गेटपासून घरापर्यंत आमच्या पाठीवर. एका सोसायटीत पाटी होती, बांधकामाच्या माणसांनी लिफ्ट वापरू नये. सातवा मजला, बेचाळीस बॉक्स. आम्ही दोघं. पाटी लावणाऱ्या माणसानं त्यातला एक बॉक्स दुसऱ्या मजल्यापर्यंत नेऊन बघावा असं मला वाटतं, आणि हे मी चिडून लिहितोय हे मला मान्य आहे. लिफ्ट खराब होऊ नये म्हणून प्लायवूड लावता येतं. माणसाच्या मणक्याला काही लावता येत नाही.

पण टाइलच्या कामातलं एक काम मला इतकं आवडायचं की ते कमी झालं याचं वाईट वाटतं. भिंतीच्या सिरॅमिक टाइल भिजवणं. ड्रममध्ये पाणी भरून टाइल उभ्या सोडायच्या. सोडल्या सोडल्या त्या सुस्कारा टाकतात, खराच आवाज येतो, आणि पाठीतून बारीक बुडबुड्यांच्या माळा वर येतात. दिवसभराच्या धुळीत ते बघत उभं राहायला बरं वाटायचं. भाईजी ड्रमकडं न बघता विचारायचे, "बुलबुले बंद हुए?" बुडबुडे थांबले म्हणजे टाइल पोटभर प्यायली. मग बाहेर काढून उभी करायची, वरचं पाणी निथळू द्यायचं. न भिजवता लावली तर ती मालातलंच पाणी ओढून घेते, आणि माल माझ्या त्या पश्चिमेच्या भिंतीसारखा उपाशी राहतो. व्हिट्रिफाइडचं उलटं. शंभर किलो टाइल अर्धा किलोही पाणी पीत नाही. ती मालाला धरतच नाही, म्हणून भिंतीवर लावायची तर तिला ॲडेसिव्ह, म्हणजे टाइल चिकटवायचा तयार मसाला, लागतं. ॲडेसिव्हलाही रीत आहे: पाण्यात कालवून पाच-दहा मिनिटं तसंच ठेवायचं, पुन्हा एकदा फिरवायचं, मग दात्यांच्या थापीनं ओढायचं. घाईत ही पाच मिनिटं सगळ्यात आधी खाल्ली जातात.

जमिनीच्या टाइलखाली सुका माल असतो. त्याची परीक्षा मुठीत. दाबला की लाडू झाला पाहिजे, बोट टोचलं की लाडू फुटला पाहिजे. हाताला पाणी लागलं तर जास्त झालं. तो पसरून पट्टीनं ओढायचा, टाइल ठेवायची, रबरी हातोड्यानं ठोकायची, पुन्हा उचलायची. उचलल्यावर माल कुठं दबला आणि कुठं टाइलला शिवलाच नाही ते दिसतं. तिथं चिमूटभर भरायचं, वरून सिमेंटचा घोळ ओतायचा आणि टाइल कायमची ठेवायची. घोळ सगळीकडं, चारी कोपऱ्यांत गेला पाहिजे. तो ओतणारा हात हेल्परचा. मधेच ओतून कोपरे सोडले तर त्या दिवशी काहीच कळत नाही. दोन वर्षांनी कोपऱ्यावर कपाटाचा पाय येतो आणि टाइल तडकते.

टाइलच्या पाठीवर बाण असतो, सगळे बाण एका दिशेनं पाहिजेत. बॉक्सवर शेडचा आणि बॅचचा नंबर असतो. हे दोन्ही बघणं हेल्परचं काम. एकदा मी दोन बॅचचे बॉक्स एका हॉलमध्ये मिसळले. संध्याकाळी बल्बच्या उजेडात दिसलं नाही. सकाळी खिडकीतून ऊन आलं तेव्हा जमिनीवर दोन रंग. भाईजींनी नऊ टाइल उखडल्या. तेव्हापासून मी बॉक्स फोडला की नंबरची बाजू फाडून खिशात ठेवतो. अजूनही.

हातांचं बोलायचं तर ओलं सिमेंट चुन्यासारखं भाजतं. बोटांच्या बेचक्यात, पायाच्या अंगठ्याखाली आधी कळत नाही, रात्री आग होते. अंगावर पडलं की लगेच भरपूर चांगल्या पाण्यानं धुवायचं, संध्याकाळपर्यंत थांबायचं नाही. ग्राइंडरनं टाइल कोरडी कापताना उडणारी धूळ तर थेट छातीत बसते. पाण्याची धार सोडून कापायचं आणि तोंडाला साध्या रुमालाऐवजी चांगला मास्क लावायचा, एवढं मी आता माझ्या हाताखालच्या पोरांना करायलाच लावतो. एकदा सिम कार्ड घ्यायला गेलो तर मशीनला माझा अंगठा उमटेना. चारदा पुसून लावला. रेघाच उरल्या नव्हत्या. दोन दिवस काम बंद ठेवून, खोबरेल चोळून पुन्हा गेलो तेव्हा उमटला. दोन हजेऱ्या गेल्या.

मामाच्या साइटवर बीडकडची एक मावशी होती. वीस वर्षं बिगारी. वाळू मुठीत घेऊन ती ओल सांगायची, मामाही तिला विचारायचा. तिच्या हाताखालून गेलेली तीन पोरं मिस्त्री झाली. तिच्या हातात थापी कुणी दिली नाही, आणि तिची हजेरी माझ्यापेक्षा पन्नासनं कमी होती. मी आलेलो जेमतेम महिन्याचा. समान वेतनाचा कायदा तर १९७६ पासून होता. मी तेव्हा काही बोललो नाही. आता बोलतो, माझ्याकडं कामाला येणाऱ्या बाईला पुरुषाइतकेच पैसे देतो. गेल्या दिवाळीपासून एका ताईला सांध्यांत ग्राउट भरण्यावरून टाइल लावण्यावर घेतलंय. तिचे सांधे माझ्यापेक्षा सरळ येतात.

आणखी एक, कारण बरेच जण विचारतात. बांधकाम कामगार म्हणून सरकारच्या कल्याणकारी मंडळाकडं नोंदणी करायला वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. नाक्यावरचा माणूस वर्षात आठ ठेकेदारांकडं जातो, इथं दहा दिवस, तिथं वीस. पहिल्यांदा मी ज्याच्याकडं सलग काम केलं त्यानं सही द्यायला नकार दिला, उगाच झंझट नको म्हणाला. म्हणून सांगतो, काम संपायच्या आधी, नातं गोड असतानाच सही मागा. तारखा एका वहीत रोज लिहा. माझी वही अजून आहे, कुठल्या दिवशी किती गोण्या फोडल्या हेही तिच्यात आहे.

यंदा मार्चमध्ये गावाकडं आमच्या घराच्या स्वयंपाकघराची फरशी केली. आईची इच्छा होती. जुनी शहाबादी काढून दोन बाय दोन. हाताखाली चुलतभाऊ, पण माल मीच कालवला. अण्णा दारात खुर्ची टाकून बसलेले. गुडघे दुखतात, पण तीन दिवस हलले नाहीत. ग्राउट भरायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी खिशातून पाच रुपयांचं नाणं काढलं, काठी टेकत आत आले आणि एकेका टाइलवर चारी कोपऱ्यांत नाणं वाजवत गेले. आई ओट्याजवळ उभी, काही न बोलता. छत्तीस टाइल. टक, टक, टक. ओट्याखालच्या कोपऱ्यातल्या टाइलवर थांबले. पुन्हा वाजवलं.

"ही."

मी वाकून ठोकलं. बरोबर होतं. तिथं ओट्याच्या पायामुळं हात नीट पोचला नव्हता आणि घोळ कोपऱ्यात गेला नव्हता. "ओट्याखाली कोण बघतंय, राहू दे," आई म्हणाली.

"काढू का?" मी अण्णांना विचारलं.

"काढ. माल हिरवा हाय अजून, धरला न्हाई."

थापीचं टोक घालून हळूच उचकटली, तुटली नाही. खाली तळहाताएवढी जागा कोरडी होती, मालावर टाइलच्या पाठीची नक्षीच उमटलेली नव्हती. खरवडून काढलं, चुलतभावानं घोळ केला. तो ओतायला लागला तेव्हा मी त्याचा हात धरून आधी कोपऱ्यात नेला.